जुन्या डिझेल मोटारीची थकबाकी

हळदीची वा सोयाबीनची पट्टी हाती आली, मुलांच्या शिक्षणाची आणि पुढील पेरणीची तजवीज झाली, म्हणजे हिंगोली जिल्ह्यातील मध्यम स्थितीच्या शेतकरी, शिक्षक वा व्यापारी कुटुंबात वर्षानुवर्षे मनात बाळगलेला मोटारीचा विचार उचल घेतो; आणि नव्या मोटारीची किंमत सर्वांच्याच आवाक्यातील नसल्यामुळे घरी येणारी ती पहिली मोटार पुष्कळदा दुसऱ्याने वापरलेली, आणि नांदेड, परभणी, अकोला येथपर्यंतच्या फेऱ्यांचा हिशेब करून डिझेलवर चालणारी अशी निवडलेली असते. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा नोंदणीक्रमांक एमएच-३८ आहे. तथापि पुण्याच्या एमएच-१२, पिंपरी-चिंचवडच्या एमएच-१४ वा नांदेडच्या एमएच-२६ या पाट्यांच्या गाड्याही येथे नव्या मालकाच्या अंगणात उभ्या राहतात. सौदा झाला, पेढे वाटले गेले, औंढ्याला नागनाथाचे दर्शनही झाले; परंतु व्यवहार मात्र अद्याप पुरा झालेला नसतो, कारण मागील मालकाने जी देखभाल करावयाची राहून गेली तिची थकबाकी गाडीबरोबरच नव्या मालकाच्या माथी आलेली असते.

शेतजमीन घेताना आपला मनुष्य सातबारा काढतो, फेरफार तपासतो, सोसायटीचा वा बँकेचा बोजा राहिला आहे काय याची खातरजमा करतो आणि मगच इसार देतो; तोच मनुष्य मोटार घेताना मात्र रंगाची चकाकी, गाद्यांची आवरणे आणि मीटरवरील किलोमीटरचा आकडा एवढ्यावर संतुष्ट होतो, ही खेदाची गोष्ट आहे. ऑईल किती दिवसांपूर्वी बदलले, टायमिंग बेल्ट किती चालला, रेडिएटरमध्ये कूलंट आहे की साधे पाणी, हे प्रश्न बोजाच्या नोंदीइतकेच महत्त्वाचे आहेत.

प्रथम कागदोपत्री थकबाकीविषयी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली गेली असता विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास हस्तांतराची खबर द्यावयाची असते. त्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने आहेत, बँकेचा बोजा उतरविण्यासाठी ३५ क्रमांकाचा नमुना आहे, आणि विम्यावर आपले नाव लावून घेण्याचा अर्ज चौदा दिवसांत करावयाचा असतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली निर्बंध घातले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्यांस दुजोरा दिला, आणि पुढे त्या आदेशांत फेरफार झाले तरी तिकडील पुष्कळ गाड्या स्वस्तात परप्रांती गेल्या. अशी गाडी घेणाऱ्याने मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्रात भरावा लागणारा कर या दोहोंचा खुलासा पैसे देण्यापूर्वीच करून घ्यावा.

आता यंत्राकडे वळू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्याचे तत्त्व असे की हवा इतकी दाबावी की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घ्यावे. हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्शात कोंडली जाते, तिचे तापमान पाचशे अंशांच्या वर जाते, आणि म्हणूनच पेट्रोल इंजिनातील ठिणगीचा प्लग येथे लागत नाही. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला या इंजिनाचा परिचय मोटारीच्या पुष्कळ आधी झाला. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑईल इंजिन्स हा कारखाना स्थापन झाला, आणि विहिरीवर धडधडणारे ते इंजिन सांभाळताना दोन पिढ्यांची अशी दृढ समजूत झाली की डिझेलचे यंत्र दणकट असते, ते कशावरही चालते आणि कोणीही दुरुस्त करतो.

ही समजूत विहिरीवरच्या इंजिनापुरती रास्त होती. आजच्या मोटारीपुरती ती घातक आहे. १९९८ साली आलेल्या टाटा इंडिकाचे सुरुवातीचे डिझेल इंजिन जुन्या वळणाचे व सोशिक होते. २००७ साली मारुतीच्या स्विफ्टमध्ये आलेले १.३ लिटरचे इंजिन मात्र कॉमन रेल पद्धतीचे. त्यात डिझेल वातावरणाच्या हजाराहून अधिक पट दाबाने केसासारख्या बारीक छिद्रांतून फवारले जाते. तेथे पाण्याचा थेंब वा धुळीचा कण म्हणजे पंपाला व नोझलला झालेली जखम होय. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि मारुतीने डिझेल मोटारी बनविणेच थांबविले; त्यामुळे त्यांची जी डिझेल गाडी आज बाजारात विकावयास येते ती जुनीच असते, आणि तिच्या पूर्वेतिहासाची चौकशी अपरिहार्य ठरते.

या चौकशीचा एकच नियम ध्यानात ठेवावा : ज्या कामाचा लेखी पुरावा नाही ते काम झालेलेच नाही असे समजावे. सर्व्हिस पुस्तिका असेल तर ती मागून घ्यावी, गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जात असल्यास तेथील नोंदी पाहण्याचा प्रयत्न करावा, आणि पुरावा न मिळाल्यास आजच्या तारखेपासून नवे खाते उघडावे.

त्या खात्यातील पहिली नोंद टायमिंग बेल्टची. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची लय राखण्याचे काम काही इंजिनांत साखळी करते, काहींत दातेरी पट्टा; उपरोक्त १.३ लिटरच्या इंजिनात साखळी आहे, तर २००५ पासून २०१६ पर्यंतच्या इनोव्हातील २.५ लिटर डिझेल इंजिनात पट्टा आहे. हा पट्टा चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून क्षणार्धात इंजिन निकामी होऊ शकते, आणि तुटण्यापूर्वी तो बहुधा कोणतीही सूचना देत नाही. आपल्या गाडीत पट्टा आहे काय याचा उलगडा मेकॅनिककडून करून घ्यावा, आणि असल्यास तो टेन्शनर बेअरिंगसह, व शक्य तेथे पाण्याच्या पंपासह, एकदमच बदलावा; कारण मजुरी उघडझाक करण्याची असते आणि ती दोनदा देणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरी नोंद इंजिन ऑईलची. डिझेल इंजिनात नवे ऑईल थोड्याच दिवसांत काळे पडते, म्हणून रंगावरून निवाडा करू नये. पुरावा नसेल तर ऑईल व त्याचा फिल्टर सरळ बदलावा. ज्या गाडीची दीर्घकाळ हयगय झाली आहे तिच्यात जोरकस रसायन घालून इंजिन धुण्याऐवजी हजार-दोन हजार किलोमीटरनंतर ऑईल पुन्हा एकदा बदलणे अधिक सुरक्षित असते, कारण सुटलेली काजळी आणि गाळ त्याबरोबर हळूहळू निघून जातो. ऑईलची प्रत पुस्तिकेत दिलेलीच असावी. बीएस-६ गाडीच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरला कमी राखेचे ऑईल लागते. टर्बोचार्जरचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते आणि याच ऑईलवर तरते. म्हणून लांब पल्ल्याहून आल्यावर इंजिन अर्धा-एक मिनिट मंद चालू ठेवून मग बंद करावे.

तिसरी नोंद इंधनाची. डिझेल फिल्टर नवा बसवावा, आणि ज्यात पाणी साठविण्याची वाटी असते तिचा स्क्रू सोडून ते वेळोवेळी काढावे. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये भरून ठेवलेले डिझेल मोटारीत ओतण्याचा शिरस्ता आपल्याकडे आहे. ड्रमच्या तळाशी गंज, माती आणि दमटपणाचे पाणी जमते, तेव्हा हा शिरस्ता मोडावा.

चौथी नोंद उष्णतेची. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पलीकडे जातो आणि रेडिएटरची परीक्षा तेव्हाच होते. कूलंट कमी झाले की बोअरचे पाणी ओतण्याची सवय सर्वत्र आढळते. त्या पाण्यातील क्षारांचा थर नळ्यांत बसतो, गंज चढतो, आणि एखाद्या मे महिन्यात इंजिन तापून हेडचे गॅस्केट जाते. जुने पाणी पूर्ण काढून, आतील भाग धुऊन, कूलंट आणि शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी यांचे पुस्तिकेत सांगितलेले मिश्रण भरावे. रबरी होज आणि पट्टे फुगले वा चिरले असल्यास त्याच वेळी बदलावेत. पाणंद रस्त्यांची धूळ खाणारा एअर फिल्टरही पुस्तिकेतील मुदतीच्या आधीच तपासावा.

याहून महत्त्वाचा प्रश्न प्राणरक्षणाचा. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या ऑईलचा उत्कलनबिंदू कोरडेपणी किमान २३० अंश असतो, तो ओलावा मुरल्यावर १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो, आणि मग उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये वाफ होऊन पेडल पोकळ जाते. सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी ते बदलावे. गाडीत ते कधी बदलले हे ठाऊक नसेल तर आजच बदलावे. टायरच्या कडेवर डॉट या खुणेच्या शेवटी चार अंक असतात; ३५१९ याचा अर्थ २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुन्या, भेगा पडलेल्या टायरवर कुटुंब बसवून वाशीमच्या वा नांदेडच्या रस्त्याने जाऊ नये.

म्हणून गाडी पाहण्यास जातानाच किमतीच्या सुमारे एक दशांश रक्कम या थकबाकीसाठी बाजूस काढून ठेवावी, आणि तेवढी उरत नसेल तर थोडी कमी किमतीची गाडी घ्यावी. कामांचा क्रम प्रथम ब्रेक व टायर, मग टायमिंग बेल्ट, नंतर ऑईल, फिल्टर व कूलंट, आणि सर्वांत शेवटी गाद्या, स्पीकर व रंग असा असावा. दुर्दैवाने नवा मालक हा क्रम उलटा धरतो. प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि पावती एका वहीत ठेवावी. ती वही पुढील खरेदीदाराला गाडीबरोबर द्यावी. कारण आपणास जी माहिती मिळाली नाही ती दुसऱ्यास मिळवून देणे हे प्रत्येक मोटारमालकाचे कर्तव्य आहे.