‘डिलीट केला’ म्हणतात, तरी तो व्हिडिओ परत येतो कसा?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप आली होती. आमच्याच कॉलेजमधल्या एका मुलीची, तिच्या परवानगीशिवाय पसरवलेली. मी ती पाहिली. फॉरवर्ड केली नाही, पण ग्रुपवर काही बोललोही नाही. नंतर बरीच वर्षं ‘आपण तर काहीच केलं नाही’ अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. ती मुलगी पुढे लेक्चरला दिसली नाही. वडिलांसोबत यायची, पेपर द्यायची आणि निघून जायची. ज्याने क्लिप टाकली त्याने माफी मागितली, सगळ्यांसमोर ‘डिलीट केली’ म्हणून सांगितलं. दोन महिन्यांनी तीच क्लिप माझ्या गावाकडच्या क्रिकेटच्या ग्रुपवर आली.

आता मी एकसारखे फोटो शोधून काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. आमचे फोटो चपलांचे आणि कुर्त्यांचे असतात, पण टेक्निक तेच. त्यामुळे तेव्हा न कळलेली एक गोष्ट आता कळते. लैंगिक किंवा हिंसक व्हिडिओचा परिणाम फक्त पाहणाऱ्याच्या मनावर होत नाही. त्याची प्रत्येक नवी कॉपी ज्याच्यावर तो प्रसंग गुदरला, त्याच्यावर पुन्हा एकदा गुदरते. मग मशीन या कॉपी थांबवू शकतं का? चला, समजून घेऊया.

मशीन कॉपी ओळखतं कशी?

सगळा खेळ ‘हॅश’चा आहे. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा समजा. एसएचए-२५६ सारखा प्रोग्रॅम कुठल्याही फाइलपासून ६४ अक्षर-अंकांची एक ओळ तयार करतो. फाइल तीच असेल तर ओळही तीच. पण फोटोतला एक ठिपका जरी बदलला, तरी अख्खी ओळ बदलते. म्हणजे कोणी फोटो जरासा कापला किंवा त्यावर एक इमोजी चिकटवला, की हा ठसा निकामी.

म्हणून दुसरा प्रकार वापरतात, पर्सेप्च्युअल हॅश. त्याची एक सोपी पद्धत अशी: फोटो कृष्णधवल करायचा आणि लहान करत करत ९ × ८ ठिपक्यांवर आणायचा. मग प्रत्येक ठिपका शेजारच्या ठिपक्यापेक्षा उजळ आहे का, एवढंच विचारायचं. हो असेल तर १, नाही तर ०. अशी ६४ उत्तरं मिळतात. दोन फोटोंच्या ६४ उत्तरांपैकी दोन-चारच वेगळी असतील, तर फोटो बहुतेक तोच आहे. रंग थोडा बदलला किंवा फोटोची क्वालिटी घसरली, तरी हा ठसा फारसा हलत नाही.

लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे फोटो पकडण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये आणलेलं फोटोडीएनए याच जातीचं आहे. व्हिडिओ म्हणजे फोटोंचीच रांग, त्यामुळे तिथेही हीच कल्पना चालते.

पण यात एक मेख आहे. ठसा जुळवायला आधी तो यादीत असावा लागतो. पहिल्यांदाच आलेला व्हिडिओ या मशीनला अनोळखीच असतो.

क्राइस्टचर्चमध्ये काय झालं?

१५ मार्च २०१९. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात एका माणसाने दोन मशिदींवर हल्ला केला आणि फेसबुकवर तो लाइव्ह दाखवला. ५१ जणांचा जीव गेला. फेसबुकने नंतर दिलेले आकडे बघा. व्हिडिओ १७ मिनिटांचा होता. लाइव्ह चालू असताना तो पाहणारे २०० पेक्षाही कमी होते आणि त्यातल्या एकानेही तक्रार केली नाही. पहिली तक्रार आली ती व्हिडिओ सुरू झाल्यापासून २९ मिनिटांनी. काढून टाकेपर्यंत तो साधारण ४,००० वेळा पाहिला गेला होता.

आता पुढचा आकडा. पहिल्या २४ तासांत फेसबुकने या व्हिडिओच्या सुमारे १५ लाख कॉपी काढल्या. त्यातल्या १२ लाखांहून जास्त अपलोड होतानाच अडवल्या. म्हणजे लाखो कॉपी तरीही आत शिरल्या.

कशा? कोणी टीव्हीवर चालू असलेला व्हिडिओ मोबाइलने शूट केला. कोणी स्क्रीन रेकॉर्ड केली, कोणी कापाकापी केली. फेसबुकला एकाच व्हिडिओची ८०० हून जास्त वेगवेगळी रूपं सापडली. चित्र बदललं की ठसा बदलतो, म्हणून शेवटी आवाजावरूनही शोधावं लागलं. हे सगळं करणारे काही त्या हल्लेखोराचे साथीदार नव्हते. कित्येक जण ‘बघा काय झालंय’ म्हणून पुढे ढकलणारे साधे लोक होते.

असा एक व्हिडिओ पाहिला म्हणून कोणी उठून बंदूक घेत नाही, हे खरं. पण पाहणाऱ्या लाखोंमध्ये एखादा तसा निघाला, तरी पुरतं. मे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात एका सुपरमार्केटमध्ये १० कृष्णवर्णीय लोकांना मारणाऱ्या तरुणाने क्राइस्टचर्चच्या हल्लेखोराचा आदर्श लिहून ठेवला होता. त्यानेही हल्ला लाइव्ह दाखवला. ट्विचने तो दोन मिनिटांच्या आत बंद केला, तरी तेवढ्यात कॉपी बाहेर पडल्याच.

मग व्हॉट्सॲप का थांबवत नाही?

कारण तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. तुमचा मेसेज तुमच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्या फोनवर उघडतो. मधल्या सर्व्हरला आत काय आहे ते दिसत नाही, मग तो ठसा जुळवणार कशाचा? हे कुलूप आपल्या सगळ्यांच्या खासगीपणासाठी गरजेचं आहे, पण त्याची ही दुसरी बाजू आहे.

याची किंमत आपल्या महाराष्ट्राने पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा तेव्हा मोबाइलवरून पसरत होत्या.

त्या वर्षी देशात अशा घटना वाढल्यावर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. २०२० मध्ये अनेक हातांतून आलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, असं केलं. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं. मेसेजमध्ये काय आहे हे व्हॉट्सॲपला तेव्हाही दिसत नव्हतं. त्याने फक्त माणसाचं बोट थोडं अडवलं. बाकी सगळं तसंच होतं.

आपल्यावर किंवा ओळखीच्यावर वेळ आली तर?

१. घाबरून सगळं पुसू नका. लिंक, तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर यांचे स्क्रीनशॉट ठेवा. तक्रारीला ते लागतात.

२. स्टॉपएनसीआयआय ही मोफत साइट १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. तिथे फोटो किंवा व्हिडिओ अपलोड होत नाही. ठसा तुमच्याच फोनवर तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या सहभागी कंपन्या त्यावरून कॉपी शोधतात. १८ खालच्या मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ ही तशीच सोय आहे.

३. ज्या ॲपवर क्लिप आहे, तिथे तक्रार करा. २०२१ च्या आयटी नियमांनी अशी नग्न किंवा मॉर्फ केलेली चित्रं तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली.

४. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. महिला आणि मुलांबाबतच्या तक्रारीत नाव न देण्याचीही सोय आहे.

आणि फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी: आयटी कायद्याचं कलम ६७अ लैंगिक कृत्याचा मजकूर ‘पाठवणाऱ्याला’ही लागू होतं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. ‘मी बनवला नाही, फक्त पुढे पाठवला’ हा बचाव नाही.

मशीन ठसा ओळखतं. त्या ठशामागे कोणाची मुलगी आहे, कोणाचा मेलेला भाऊ आहे, हे त्याला कळत नाही. कुलूपबंद ग्रुपमध्ये तर ते मशीनही नसतं. तिथे असतो फक्त तो मेसेज पाहणारा माणूस.

गेल्या वर्षी ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी एका अपघाताचा व्हिडिओ टाकला. रस्त्यावर पडलेल्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसत होता. मी एवढंच लिहिलं, “प्लीज काढून टाक, त्यांच्या घरचे बघतील.” दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मग ‘धिस मेसेज वॉज डिलीटेड’ दिसलं. दहा सेकंदांचं काम होतं. हॉस्टेलमध्ये ते मला जमलं नव्हतं.