न गाणारी गानगुरू

कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. मोठं झाल्यावर ते 'काव काव' न करता 'कुहू' कसं करतं? 'उपजतच असतं ते,' असं म्हणून आपण मोकळे होतो.

उत्तर अमेरिकेत काउबर्ड नावाचा पक्षी आहे. तोही परक्याच्या घरट्यात अंडी घालणारा. त्याचा नर एकटा वाढवला तरी गातो. इतकंच नव्हे, अँड्र्यू किंग आणि मेरेडिथ वेस्ट या संशोधकांना १९७७ साली असं आढळलं, की अशा एकट्या वाढलेल्या नराच्या गाण्याला माद्या जास्त दाद देतात. मग गाणं रक्तातच असतं, हे सिद्ध झालं ना? जरा थांबा. हेच नर इतर नरांमध्ये सोडले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले. काही तर जिवानिशी गेले! कळपातल्या दांडग्या नरांसमोर असं गाणं महागात पडतं.

खरी गंमत पुढेच आहे. काही तरुण नर फक्त माद्यांच्या सोबत वाढवले. काउबर्डची मादी गात नाही, म्हणजे नक्कल करायला समोर कुणीच नाही. तरीही माद्या ज्या प्रदेशातल्या, त्यांच्या आवडीकडे नरांचं गाणं झुकलं. हे घडलं कसं? व्हिडिओ चित्रण बारकाईने पाहिल्यावर उलगडा झाला. एखादी लकेर आवडली, की मादी क्षणभर पंख झटकते. नर ते टिपतो आणि ती लकेर पुन्हा घेतो. १९८८ साली 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झालं. पंखाची दाद मिळालेल्या लकेरी इतर माद्यांनाही अधिक भावल्या.

सुरुवातीला नराजवळ लकेरी पुष्कळ असतात. दाद मिळते त्या टिकतात, बाकीच्या गळतात. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली 'सायन्स'मध्ये हेच सूत्र मांडलं होतं : उत्क्रांतीत परिणाम जशी निवड करतात, तशीच ते एका आयुष्यातल्या वागण्यातही करतात. स्किनरचं सगळंच पटावं असं नाही. मनाच्या आतल्या व्यवहाराला त्याने फारच कमी जागा दिली. इथे मात्र त्याचं म्हणणं चपखल बसतं. फरक एवढाच, की उत्क्रांतीत गाणाऱ्याचा वंश खुंटतो, आयुष्यात नुसती लकेर गळते. आणि काउबर्डमध्ये दोन्हीकडे निवड करणारी एकच : मादी. पिल्लांचा बाप कोण, हे ती ठरवते; आणि त्याआधी त्याने काय गावं, हेही.

पक्ष्यांच्या गाण्याचा अभ्यास म्हणजे गाणाऱ्या नराचा अभ्यास, असंच बराच काळ धरून चाललं होतं. ध्वनिमुद्रकावर पंखाची झटक उमटत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)