ढाल फुटली, पुढं काय?

तलवारीवर तलवार आपटून पातं खटकन मोडतं, ते सिनेमात. माझ्या वेल्डिंगच्या दुकानात कुऱ्हाड येते ती दांडा तुटलेली, विळा येतो तो मुठीत हललेला, वखराची पास येते ती झिजून वाकलेली. सरळ दोन तुकडे झालेलं पातं क्वचितच, आणि तेही बहुधा पाणी देताना बिघडलेलं: कडक झालेलं, पण ठिसूळ. त्यामुळे भाच्यानं पुण्याहून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पुस्तकं आणली आणि जळकोटातली पोरं अर्ध्या ओढलेल्या शटरमागं खेळायला बसू लागली, तेव्हा मी सगळ्यात आधी वाचलं ते शत्रूचं हत्यार फोडण्याचं पान. आता खेळ मीच चालवतो.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 साली अमेरिकेत आणला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि डाव साधला की फसला ते फाशांनी ठरवायचं. मुख्य फासा वीस बाजूंचा.

फोडण्याच्या डावाला पोरं ‘संडर’ म्हणतात. 2003 च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीत तो चांगला बैजवार सांगितलाय. तुम्ही समोरच्याच्या अंगावर नाही, त्याच्या हत्यारावर किंवा ढालीवर वार करता. तसा खास सराव नसेल, तर तुमचा हात उठताच त्याला फुकटचा एक वार मिळतो. तो झाला की दोघांनी फासे टाकायचे. दोन हातांनी धरलेल्या हत्याराला 4 जादा, हलक्या हत्याराला 4 कमी. जिंकलात तर घावाच्या आकड्यातून आधी वस्तूचा हार्डनेस वजा होतो आणि उरलेलं तिच्या एचपीतून, म्हणजे तिच्या जिवातून जातं. तलवारीचा हार्डनेस 10, एचपी 5. लाकडी सोट्याचे दोन्ही 5. बऱ्यापैकी ताकदीचा गडी दोन हाती खड्ग घेऊन आला, तर सोटा एका घावात मोडायची संधी चारात जवळजवळ तीनदा. तलवार मोडायची बारात एकदा. लाकूड आधी जातं, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. इथं मी त्याला मानलं.

पण नियम बरोबर असला म्हणून खेळ रंगतोच असं नाही. पोरं हुशार आणि लोभी. शत्रूची जादूची तलवार फोडली तर मेल्यावर ती आपल्याला मिळणार नाही, हे कळल्यावर कुणी संडर करेना. राक्षसानं मात्र भाच्याची ढाल फोडली तेव्हा स्वारी रुसली. “मामा, हे चीटिंग आहे!” दुसरीकडं, शत्रू एकटा आणि बलाढ्य असला, की सगळ्यांनी मिळून त्याचं हत्यार काढून घ्यायचं आणि मग निवांत बडवायचं.

हे तर महाभारतातच आहे. तेराव्या दिवशी अभिमन्यू आवरेना, तेव्हा द्रोणांचा सल्ला हाच: हातात धनुष्य आहे तोवर हा हरायचा नाही. मग कर्णानं धनुष्य तोडलं, घोडे मारले गेले, सारथी पडला. ढाल-तलवार घेऊन तो उतरला, तर तीही तोडली. त्यानं रथाचं चाक उचललं, तेही फोडलं. शेवटी गदा. एकेक वस्तू जाते तसा तो पुढची उचलतो, म्हणून तो प्रसंग ऐकताना माणूस जागचा हलत नाही. माझ्या टेबलावर राक्षसाची कुऱ्हाड मोडली की तो नुसता उभा राहायचा, कारण पुढं काय उचलायचं ते नियमात नव्हतं आणि मीही ठरवलेलं नसायचं. आता शत्रूच्या आसपास एखादा खांब, एखादी साखळी मी आधीच ठेवतो.

2009 च्या ‘पाथफाइंडर’ खेळानं एक अक्कलहुशारीची गोष्ट केली. वस्तूचा जीव निम्म्यावर आला की ती ‘ब्रोकन’ होते. हत्यार असेल तर नेमाला आणि घावाला दोन-दोन वजा, पण ते हातात राहतं. दुकानात येतं ते लोखंड असंच असतं: चालतं, पण नीट चालत नाही. मला हा नियम सगळ्यांत खरा वाटतो. 2014 च्या पाचव्या आवृत्तीनं खेळाडूंच्या पुस्तकात हा डाव ठेवलाच नाही. निर्जीव वस्तूवर नेम लागायला पोलादाला 19, लाकडाला 15 एवढे आकडे खेळ चालवणाऱ्यासाठी ठेवले. हिशेब कमी झाला खरा, पण मला चुकल्यासारखं वाटतं.

ढालीपुरता आम्ही एक नियम लावलाय. इतरही ठिकाणी लोक तो खेळतात. जिवावरचा घाव आला तर खेळाडूनं म्हणायचं, “ढाल दिली.” घाव ढालीवर जातो, ढाल फुटते, माणूस वाचतो. आता रुसवे नाहीत, कारण फोडायचं ते तो स्वतः ठरवतो. 1670 मध्ये कोंढाण्यावर तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, म्हणून त्यानं डाव्या हाताचीच ढाल केली, असं सभासद बखर सांगते. ही गोष्ट मी पोरांना सांगितली, तेव्हापासून ती पाठीला दुसरी ढाल बांधूनच निघतात. ओझं वाढतं, पळता येत नाही. तेही मी मोजतो.

एक प्राणी मात्र पोरांना ड्रॅगनपेक्षा नकोसा वाटतो: गंज खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’. हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांच्या पुडक्यातल्या एका आकृतीवरून गायगॅक्सला तो सुचला. त्याच्या मिशा लागल्या की लोखंडाचा चुरा. मग सगळे तलवारी टाकून काठ्या शोधत पळतात.

मोडलेलं जोडायचा दरही पुस्तकात आहे: दुरुस्तीला वस्तूच्या किमतीचा पाचवा हिस्सा. तलवार पंधरा सोन्याच्या नाण्यांची, म्हणजे तीन नाणी. पोरं त्यावरही घासाघीस करतात. करू देतो. पण माझ्या खेळातल्या गावचा लोहार उधारी ठेवत नाही.