सदुसष्ट व्होल्ट

साठच्या दशकात ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल जाणत्या कानांचं मत फारसं बरं नव्हतं. व्हॉल्व्हचा आवाज भरीव आणि ट्रान्झिस्टरचा टोचरा, असं म्हणत, आणि त्या काळापुरतं ते खरंही होतं. इंग्लंडमधल्या हंटिंग्डनहून पीटर वॉकर यांच्या कंपनीने १९६७मध्ये क्वाड ३०३ बाजारात आणला, त्याचं मोल म्हणून समजून घ्यावं लागतं. दर चॅनेलला ४५ वॉट, म्हणजे आजच्या जाहिरातींपुढे काहीच नाही. पण १९८५पर्यंत तो बनत राहिला. त्यातला एक, परदेशातून परतलेल्या नातेवाइकांच्या सामानातून आमच्या कोकणातल्या घरी आला आणि गेली अनेक वर्षं तो माझ्या देखरेखीखाली आहे.

टोचरेपणाचं कारण साधं होतं. आवाजाच्या लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा दुसरा. एकाने सोडून दुसऱ्याने धरायच्या जागी, शून्यापाशी, लहर किंचित मोडते. ती मोडू नये म्हणून दोघांतून कायम थोडा करंट वाहता ठेवतात. पण ट्रान्झिस्टर तापला की हा करंट वाढतो, निवला की घटतो, आणि नीट लावलेली मात्रा हुकते. क्वाडने प्रत्येक अर्ध्या भागाला तीन-तीन ट्रान्झिस्टरांची जुळणी दिली. तिच्यात हा करंट ठरतो तो पहिल्या, लहानशा ट्रान्झिस्टरवरून, आणि तो मोठ्यांच्या तापापासून दूर, थंडच राहतो. एवढ्या वर्षांत मी मीटर लावून पाहत आलो. करंट लावल्या जागेवरून फारसा हलत नाही.

लहरीची ही मोडतोड मोठ्या आवाजात झाकली जाते आणि हळू आवाजात उघडी पडते. म्हणून दुरुस्तीनंतर मी दणदणीत वाद्यवृंद लावत नाही. तानपुरा स्पष्ट ऐकू येईल अशी एखादी ख्यालाची रेकॉर्ड, बहुतेक वेळा किशोरी आमोणकरांचा भूप, अगदी हळू लावतो. तार छेडल्यानंतरची जवारी विरत जाताना शेवटपर्यंत गुळगुळीत राहिली की काम झालं. शेवटाला ती जरा जरी कुरकुरली, तर परत झाकण उघडायचं. याहून कठोर परीक्षा मला माहीत नाही.

म्हातारपण सगळ्या भागांना सारखं येत नाही. ट्रान्सफॉर्मर, पत्रा, वायरिंग यांना धक्काही लागलेला नाही. सगळ्यात आधी जातात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आतला द्रव सुकतो. तापमान १० अंशांनी कमी राहिलं तर त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून ३०३ बंद कपाटात कधी ठेवू नये. यात स्पीकरकडे जाणारा आवाजही २००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून जातो. ८ ओहमच्या स्पीकरबरोबर त्याची खालची सीमा १० हर्ट्झच्या आसपास येते. तो सुकत गेला की सीमा वर सरकते आणि डग्ग्याचा घुमारा पातळ होतो. पुढे डिझायनरांनी हा कपॅसिटर काढून टाकला, आणि कागदावर त्यांचं बरोबरही आहे. मला मात्र तो हवा आहे. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तरी हा कपॅसिटर डीसी अडवतो आणि स्पीकर जळत नाही. घरी काम करणाऱ्याला हा केवढा आधार आहे!

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना ६० वॉटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लखलखत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. इथे एलईडी चालत नाही, त्यामुळे जुने बल्ब मी जपून ठेवले आहेत. मग मीटरवर सप्लाय पाहायचा. तो ६७ व्होल्ट हवा, आणि दोन्ही चॅनेलच्या मधल्या बिंदूला त्याच्या निम्मा, ३३.५. इथली वीज पावसाळ्यात वरखाली होते, पण सप्लायला रेग्युलेटर असल्यामुळे ६७ सहसा ढळत नाही. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. तो रेझिस्टर लावून उतरवल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

या काळात सगळ्यात जास्त पालटला तो बाजार. पूर्वी लॅमिंग्टन रोडला एक फेरी मारली की पिशवी भरून यायची. आता दुकानं आहेत, माल आहे, पण पॉवर ट्रान्झिस्टरच्या बाबतीत खात्री उरलेली नाही. वरचं धातूचं टोपण कापून पाहावं, तर आत नावाला शोभणार नाही एवढीशी चिप. दुसरा धोका ओळखीचा भाग सहज बसवण्याचा: सगळीकडे मिळणारा २एन३०५५ फक्त ६० व्होल्ट सोसतो आणि इथे सप्लायच ६७चा आहे. बदलायची वेळ आलीच तर १४० व्होल्टचा एमजे१५००३, तोही अधिकृत विक्रेत्याकडून. कपॅसिटर मात्र पूर्वीपेक्षा उत्तम मिळतात: आकाराने लहान, १०५ अंश सोसणारे.

दमट हवेचं दुखणं वेगळं. डिनच्या सॉकेटांवर काळा थर चढतो, एक चॅनेल गप्प होतो आणि माणूस उगाच बोर्डावर संशय घेतो. प्लग काढून, संपर्क साफ करून, परत घातला की बहुधा आवाज येतो.

क्वाडचा नवा ३०३ २०२४मध्ये आला. जुन्यासाठी सगळे बोर्ड काढून नवे बसवायचे संचही मिळतात. हे संच मला पटत नाहीत. तीन ट्रान्झिस्टरांची ती जुळणीच म्हणजे ३०३. ती उपटल्यावर राहतो तो डबा. जुने कार्बनचे प्रीसेट काढून सीलबंद बसवले, कपॅसिटर बदलले, एवढं पुरे. सध्या डाव्या चॅनेलच्या बोर्डावर दोन कार्बन रेझिस्टर आपल्या मूल्याच्या वर सरकलेले आढळले आहेत. ते दोन्ही चॅनेलमध्ये जोडीने बदलीन, ३३.५ पुन्हा लावीन, आणि बाकी कशालाही हात लावणार नाही.