एकच अवर्षण, दोन राज्यं : इथिओपिया

लेखमाला : बालाघाटावरून आफ्रिका – भाग ४

मागच्या भागात आपण नाईलच्या काठाकाठाने सुदानमधल्या खार्टुमपर्यंत पोचलो होतो. पांढरी नाईल आणि निळी नाईल या दोन नद्या तिथे एकमेकींना मिळतात. इजिप्तच्या शेतांवर हजारो वर्षं गाळ पसरवणारं पुराचं पाणी मुख्यतः निळ्या नाईलचं. या आठवड्यात तिच्या प्रवाहाविरुद्ध वर चढायचं आणि इथिओपियाच्या पठारावर पोचायचं आहे.

हा देश जगाला बहुतेक वेळा एकाच कारणाने आठवतो, दुष्काळाने. आपल्या बीड जिल्ह्याच्या वाट्यालाही असंच काहीसं येतं. बाहेरचा माणूस बीडचं नाव घेतो ते अवर्षण आणि ऊसतोड या दोन शब्दांसोबत. म्हणूनच हा देश बीडच्या वाचकाने नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. दुष्काळ म्हणजे काय आणि त्यात माणूस कशामुळे मरतो किंवा तगतो, हे या दोन प्रदेशांची गोष्ट शेजारी ठेवून वाचलं की स्पष्ट दिसतं.

काळ्या दगडाचा मुलूख

इथिओपियाचं क्षेत्रफळ सुमारे ११ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण साडेतीनपट. देशाच्या मधोमध उंच पठार आहे. ते बनलं ज्वालामुखीच्या लाव्हारसातून, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी. बालाघाटाचा काळा दगडही लाव्ह्याचाच, फक्त तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यामुळे तिथेही माथ्यावर सपाट आणि कडेला तुटलेले डोंगर दिसतात. तिथेही काळी जमीन आहे, पावसाळ्यात पाय रुतवणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी.

उंची मात्र फार वेगळी. बालाघाटाचे माथे हजार मीटरच्या आत राहतात, तर राजधानी अदिस अबाबा वसली आहे सुमारे २,३०० मीटरवर. उत्तरेकडच्या सिमियन डोंगरातलं रास दाशेन हे शिखर साडेचार हजार मीटरहून उंच आहे. त्याच देशाच्या ईशान्येला दनाकिल नावाचा खोलगट प्रदेश आहे. तो समुद्रसपाटीपेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली आणि जगातल्या सर्वांत उष्ण जागांपैकी एक. अफार लोक तिथे पिढ्यान् पिढ्या मिठाच्या लाद्या कापून उंटांवर लादत आले आहेत. पठाराला मधून चिरत जाते ती मोठी खचदरी. आफ्रिका खंड तिथे आजही हळूहळू फाटतो आहे.

मुख्य पाऊस जून ते सप्टेंबर. त्याला तिथे किरेम्त म्हणतात. त्याआधी फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत बेल्ग नावाचा छोटा पाऊस असतो. मृग कोरडा गेला की आपल्याकडे जी घालमेल होते, तीच तिथे किरेम्त लांबला की होते. वायव्येकडच्या ताना सरोवरातून निळी नाईल निघते. तिच्यावर इथिओपियाने २०११ मध्ये मोठं धरण बांधायला घेतलं. त्यासाठी सामान्य लोकांनी रोखे विकत घेतले, सरकारी नोकरांनी पगारातून पैसे दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये धरणाचं उद्घाटन झालं. वीजनिर्मितीची क्षमता ५,००० मेगावॉटहून अधिक आहे. खालच्या अंगाला असलेल्या इजिप्तला आपल्या पाण्याची काळजी वाटते आणि तो वाद अजून मिटलेला नाही. जायकवाडीच्या पाण्यासाठी वरच्या धरणांकडे बघत बसणाऱ्या आपल्या भागाला इजिप्तची काळजीही कळेल आणि इथिओपियाची गरजही.

ताटातलं नातं

लोकसंख्या १२ कोटींहून अधिक, आफ्रिकेत नायजेरियाच्या खालोखाल. ऐंशीहून जास्त जनसमूह आणि तितक्याच भाषा. ओरोमो सर्वांत मोठा, त्यामागे अम्हारा. सोमाली आणि तिग्राई हेही मोठे समूह. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती सर्वांत जास्त, मुसलमान साधारण एक तृतीयांश. दोन्ही धर्म तिथे फार जुने आहेत. तिथल्या अक्सुम या प्राचीन राज्याचा राजा एझाना याने चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे सातव्या शतकात मक्केत छळ होऊ लागला तेव्हा पैगंबरांच्या सुरुवातीच्या अनुयायांना आसरा दिला तोही अक्सुमच्याच ख्रिस्ती राजाने.

पठारावरचा शेतकरी आजही बैलजोडीने नांगरतो. पाठीवर वशिंड असलेली गुरं मूळची भारतीय उपखंडातली. व्यापाराच्या वाटांनी ती पूर्व आफ्रिकेत गेली. तिकडून आपल्याकडे आली ज्वारी. तिचं मूळ सुदान-इथिओपियाच्या पट्ट्यात आहे. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. कारळ्याचं मूळ तर थेट इथिओपियात. तिथे त्याचं तेल काढतात, आपल्याकडे चटणी होते. बीडच्या घरात भाकरीवर कारळ्याची चटणी घेतली जाते तेव्हा ताटातल्या दोन्ही वस्तू पूर्व आफ्रिकेतून आलेल्या असतात. त्यांचं रोजचं अन्न म्हणजे इंजेरा. तेफ नावाच्या राजगिऱ्याहून बारीक धान्याचं पीठ आंबवून तव्यावर मोठी, जाळीदार, मऊ पोळी करतात. तेफ परवडत नाही तिथे ज्वारीचा इंजेरा होतो.

हबशी वजीर

माणसंही आली. सर्वांत मोठं नाव मलिक अंबर. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तान आणि बगदाद करत तो दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्याकडे आला. चंगेजखान स्वतःही हबशीच. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं तेव्हा राज्य संपल्यासारखंच होतं. अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीस वर्षं मोगलांना झुंजवलं. त्याच्या फौजेत मराठे सरदार होते, शहाजीराजे भोसले १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

लढाया सगळ्यांना ठाऊक असतात. मला त्याचा कारभार अधिक मोलाचा वाटतो. जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष आलेलं पीक पाहून सारा ठरवण्याची पद्धत त्याने लावली. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, हे शहर वसवताना आधी जमिनीखालून नहरीने पाणी आणलं. बीडची खजाना बावडीही निजामशाहीच्याच काळातली, अंबरच्या सत्तेच्या थोडी आधीची. पाणी कमी असलेल्या मुलखात राज्य करायचं तर आधी पाण्याची आणि साऱ्याची व्यवस्था लावावी लागते, हे तेव्हाच्या कारभाऱ्यांना कळलेलं होतं.

बहात्तर साल, इथे आणि तिथे

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १९७२ मध्ये महाराष्ट्रात पाऊस हटला, मराठवाडा होरपळला. त्याच वर्षी इथिओपियाच्या ईशान्येकडच्या वोल्लो प्रांतात किरेम्त फसला, पुढच्या वर्षी बेल्गही गेला. दोन्हीकडे शेतं उघडी पडली, गुरं मेली, शेतमजुराच्या हाताला काम उरलं नाही.

आपल्याकडे त्या वर्षाची आठवण म्हणजे खडी फोडणं, पाझर तलावावर माती वाहणं, मस्टरवरची हजेरी, सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो. दिवस हालाचे होते. अर्धपोटी राहणं सर्वत्र होतं. पण मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हातात मजुरी होती म्हणून बाजारातलं धान्य घरात येऊ शकलं. लोक मोर्चे काढत होते, कामं मागत होते, वर्तमानपत्रं लिहीत होती, विधानसभेत प्रश्न विचारले जात होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला याच काळात बळ मिळालं. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

वोल्लोत काय झालं? तिथे सम्राट हेले सेलासी यांची सत्ता होती. १९३० पासून ते गादीवर होते. जमिनीचे मालक सरदार, चर्च आणि राजघराणं. कसणारे बहुतेक कुळं, पिकाचा मोठा वाटा मालकाला देणारी. निवडून आलेला, लोकांना उत्तर देणारा कुणी नाही. दुष्काळाची बातमी दरबाराने दाबून ठेवली. रस्त्याच्या कडेला माणसं मरत होती. १९७३ च्या शरदात ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ती दृश्यं दिसली तेव्हा जगाला कळलं. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना आढळलं की वोल्लोत धान्याचे भाव फारसे चढलेच नव्हते, उलट काही धान्य प्रांताबाहेर जात होतं. पीक बुडाल्याने लोकांची विकत घेण्याची ताकदच संपली होती आणि ती परत देणारी मजुरी कुणी दिली नाही.

पाऊस दोन्हीकडे गेला. एका ठिकाणी राज्याला लोकांसमोर उभं राहावं लागत होतं, दुसऱ्या ठिकाणी नव्हतं. हजारो जीवांचा फरक तिथे पडला.

सम्राटानंतर

सप्टेंबर १९७४ मध्ये लष्कराने सम्राटांना पदच्युत केलं. दर्ग नावाच्या लष्करी समितीच्या हाती सत्ता आली, तिचे प्रमुख झाले मेंगिस्टू हेले मारियम. विद्यार्थी चळवळीची घोषणा होती ‘कसेल त्याची जमीन’, आपल्याकडे होती तीच. १९७५ मध्ये सगळी शेतजमीन काढून घेतली गेली. जमीनदारी संपली, पण जमीन कुळाच्या नावावर झाली नाही, सरकारच्या झाली. १९८४-८५ चा महादुष्काळ याच राजवटीत पडला. उत्तरेत बंडखोरांशी युद्ध सुरू होतं आणि त्यांच्या ताब्यातल्या भागात मदत पोचू दिली जात नव्हती. लाखो लोक मेले. राजा गेला तरी जाब विचारण्याची सोय आली नव्हती.

१९९१ मध्ये दर्ग कोसळलं. १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा समुद्रकिनारा गेला. आता बहुतेक माल जिबूतीच्या बंदरातून येतो-जातो. १९९५ च्या राज्यघटनेने देश संघराज्य झाला. प्रांतांची रचना मुख्यतः जनसमूह आणि भाषा यांवर आहे. कलम ३९ प्रत्येक जनसमूहाला फुटून निघण्याचा हक्कसुद्धा देतं. संसदेची दोन सभागृहं, सत्ता पंतप्रधानांच्या हाती, राष्ट्रपतिपद मानाचं. आज १२ प्रांत आणि दोन स्वायत्त शहरं आहेत. प्रांताखाली झोन, मग तालुक्यासारखा वोरेडा आणि गावपातळीवर केबेले. जमीन आजही राज्याचीच. शेतकऱ्याला कसण्याचा हक्क आहे, विकण्याचा नाही. या हक्काचे दाखले गेल्या पंचवीस वर्षांत दिले गेले. अम्हारा प्रांतात त्या दाखल्यावर नवरा-बायको दोघांचे फोटो असतात. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायकांच्या आपल्या जिल्ह्याने याची दखल घ्यावी.

२००५ मध्ये इथिओपियाने अन्नसुरक्षेचा मोठा कार्यक्रम सुरू केला. वर्षातले काही महिने गरीब कुटुंबांना बांधबंदिस्ती, जलसंधारण, रस्ते अशी कामं आणि त्याबद्दल धान्य किंवा रोख रक्कम. जे काम करू शकत नाहीत त्यांना थेट मदत. त्याच वर्षी भारताच्या संसदेने रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा केला. फरक असा की आपल्याकडे काम मागणं हा कायद्याने दिलेला हक्क झाला, तिथे मुख्यतः परदेशी मदतीवर चालणारी योजना. कुणाला घ्यायचं ते केबेलेतली समिती ठरवते.

२०१५ मध्ये एल निनोने पुन्हा दोन्हीकडे पाऊस नेला. इकडे चारा छावण्या उघडल्या, लातूरला रेल्वेने पाणी आलं. इथिओपियात एक कोटीहून अधिक माणसांना तातडीच्या अन्नमदतीची गरज पडली, पण १९८४ ची पुनरावृत्ती झाली नाही. तयारी असली की काय होतं ते दिसलं. नंतर नोव्हेंबर २०२० मध्ये तिग्राई प्रांतात युद्ध पेटलं. पंतप्रधान अबी अहमद यांना आदल्याच वर्षी एरिट्रियाशी तह केल्याबद्दल शांततेचं नोबेल मिळालं होतं. दोन वर्षांनी प्रिटोरियात करार होईपर्यंत तिग्राईत उपासमार परतली होती. वाटा बंद झाल्या, मदत अडली, आणि धान्य पिकवणारे लोकच भुकेले राहिले.

बीडसाठी यातून निघतं ते असं. पाऊस आपल्या हाती नाही. मस्टर वेळेवर निघतं का, मजुरी कधी खात्यात येते, टँकर कुठल्या वस्तीला जातो, दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघालेल्या जोडीची उचल कोणत्या अटीवर आहे, हे मात्र विचारता येतं. वोल्लोतल्या शेतकऱ्याला १९७३ मध्ये हे विचारायला जागा नव्हती. आपल्याला ग्रामसभा आहे. ती कोरमअभावी तहकूब होते तेव्हा पुढच्या अवर्षणातलं आपलं एक संरक्षण आपणच सोडून देत असतो. पुढच्या ग्रामसभेला जा, कामांची यादी वाचून दाखवायला सांगा आणि आपली मागणी इतिवृत्तात लिहून घ्या.

(पुढच्या आठवड्यात : केनिया – रेल्वे, चहाचे मळे आणि तिथे गेलेली भारतीय माणसं)