अर्कयंत्राला घोंगडी

आमच्या घरीं तांब्याचें एक जुनें अर्कयंत्र आहे. खालीं दहा लिटरचें कल्हईचें भांडें, त्यावर घुमटासारखें झांकण, झांकणांतून निघालेली तिरपी नळी आणि ती नळी ज्यांतून जाते तें गार पाण्याचें पिंप, एवढाच त्याचा पसारा. मातोश्रींच्या काळापासून त्यांत दरवर्षीं ओंव्याचा अर्क, वाळ्याचें पाणी व गुलाबपाणी निघत आलें आहे. मद्य गाळण्याशीं आमचा संबंध नाहीं. तें १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें निषिद्ध आहे, व पुढील विवेचन केवळ पाणी व औषधी अर्क यांपुरतेंच आहे.

गेल्या वर्षीं हें यंत्र मोडींत जाण्याचा प्रसंग आला. अकरा माणसांच्या स्वयंपाकांत गॅसची टाकी पुरवितां पुरवितां सूनबाईंच्या नाकीं नऊ येतात. त्यांनीं एके दिवशीं नम्रपणें, पण स्पष्ट सांगितलें, "मामंजी, दोन लिटर अर्कासाठीं शेगडी पावणेतीन तास अडते. तितक्या पैशांत बाजारांतून बाटल्या येतील. यंत्र ठेवायचें तर गॅसचा हिशेब आपणच बसवून द्यावा." इकडे आमच्या वडील भगिनी आक्का यांच्या डोळ्यांस पाणी आलें. "आईच्या हातचें भांडें मोडींत घालणार का रे?" असें त्या म्हणाल्या. दोघींचेंही म्हणणें खरें होतें. तेव्हां जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविलेल्या मास्तरानें आतां आपल्याच घरचें गणित सोडवावें, हें प्राप्त झालें.

प्रथम ही उष्णता जाते कोठें तें पाहूं. एक किलो पाणी एक अंशानें तापविण्यास लागणारी उष्णता तो एक उष्मांक, असें धरलें, तर २५ अंशांचें एक किलो पाणी उकळीस आणण्यास ७५ उष्मांक पुरतात. परंतु उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० उष्मांक लागतात, आणि तेवढ्यानें उष्णतामान एक अंशही चढत नाहीं! ही गुप्त उष्णता जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञानें अठराव्या शतकांत दाखवून दिली. हा खर्च टाळतां येत नाहीं. वाफ हवी तर तेवढें मोल द्यावेंच लागतें.

टाळतां येतो तो दुसरा खर्च. आमच्या भांड्याच्या बाजू व झांकण शंभर अंशांपर्यंत तापून सभोंवारच्या हवेस उष्णता देत असतात. क्षेत्रफळावरून केलेल्या अजमासाप्रमाणें ही गळती तासास सव्वाशे ते दीडशे उष्मांकांची भरली. तासास सुमारें एक लिटर अर्क उतरतो, हें ध्यानांत घेतां भांड्यास मिळणाऱ्या उष्णतेचा जवळजवळ पांचवा हिस्सा स्वयंपाकघर तापविण्यांत जात होता. शिवाय झांकण हवेनें निवतें, म्हणून वाफ तेथेंच थिजते व थेंबांच्या रूपानें पुन्हां भांड्यांत पडते. एकदां मोल देऊन वर चढविलेली वाफ परत खालीं आली, म्हणजे तिच्यासाठीं तेंच मोल दुसऱ्यांदा द्यावें लागतें.

यावरचा उपाय नवा नाहीं. जेम्स वॅट यानें १७६९ सालीं वाफेच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्यांत सिलिंडर सदैव वाफेइतकाच उष्ण राहावा, म्हणून त्यास लांकडाचें किंवा अन्य मंदवाहक पदार्थाचें वेष्टण घालावें, व वाफ थिजविण्याचें पात्र वेगळें ठेवून तें थंड राखावें, असें सांगितलें आहे. आमच्या 'रसरत्नसमुच्चय' ग्रंथांतील तिर्यक्पातनयंत्रांतही एका घटाखालीं अग्नि व दुसऱ्या घटाशीं शीतल जल अशीच विभागणी आहे. उष्ण भाग उष्णच असावा, शीत भाग शीतच असावा, हेंच या कामाचें सूत्र होय.

सूत्र कळलें, तरी पहिल्या प्रयोगांत आमची फजिती झाली. आम्हीं भांड्यास बुडापर्यंत गोणपाट गुंडाळलें. पंधरा मिनिटांत गोणपाट धुमसूं लागलें आणि आक्कांनीं कळशीभर पाणी ओतून आमचें शास्त्र विझविलें! चूक दुहेरी होती. ताग ज्वालेजवळ नेणें हा धोका तर खराच. पण बुडालगतच्या बाजूंस ज्वालेचे तप्त वायु उलट उष्णता देत असतात, म्हणून तेथें वेष्टण घालणें म्हणजे येणाऱ्या उष्णतेलाच दार लावणें होय.

दुसऱ्या खेपेस जुनी घोंगडी काढली. तांबें हें कोरड्या लोकरीच्या सुमारे दहा हजार पट उष्णता वाहून नेतें. लोकरीच्या तंतूंत अडकलेली निश्चल हवा हेंच तिचें बळ. बुडापासून चार बोटें जागा मोकळी सोडून, तेथें पत्र्याचें रुंद कडें बसविलें, म्हणजे ज्वालेचे वायु बाहेर वळतात. त्या कड्यावर घोंगडीचे चार पदर तारेनें बांधले. झांकणास तशीच टोपी शिवली व नळीला पिंपापर्यंत लोकरीची पट्टी गुंडाळली. पिंपांतील नळीस मात्र कांहींही गुंडाळूं नये. लोकर भिजली कीं तिचा गुण जातो, म्हणून सांधे कणकेनें नीट लिंपावे. तथापि नळीचें तोंड केव्हांही बंद होऊं देऊं नये, नाहीं तर वाफेच्या दाबानें अपघात होईल. यंत्र चालू असतां जवळून हलूं नये, हेंही सांगणें नकोच.

पूर्वीं अशा कामास ॲस्बेस्टॉसची दोरी वापरीत. जुन्या भांड्यांवर ती आढळल्यास घरच्या घरीं सोडवूं नये. तिचे सूक्ष्म तंतु श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन कर्करोगासही कारण होतात, हें आतां निर्विवाद ठरलें आहे.

फळ काय मिळालें? तीच शेगडी, तीच आंच, तेवढेंच सहा लिटर पाणी. आणि दोन लिटर अर्क पावणेतीन तासांऐवजीं सव्वादोन तासांच्या थोडें पुढें उतरला. म्हणजे सुमारें सहावा हिस्सा इंधन वांचलें. सूनबाई घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "बरें झालें, पण शेगडी अजून दोन तास अडतेच कीं." त्यांचा आक्षेप रास्तच होता, व त्यानेंच आमचे डोळे उघडले.

वाफ करण्यास दिलेले ते ५४० उष्मांक नाहींसे होत नाहींत. वाफ थिजतांना ते पिंपांतील पाण्यास मिळतात. एक लिटर अर्कामागें अठरा लिटर पाणी तीस अंशांनीं तापतें, आणि आम्ही तें मोरींत ओतीत होतों! आतां पिंपाच्या तळाशीं गार पाणी घालतों व वर आलेलें ऊन पाणी काढून घेतों. अर्क पहांटे लावतों. दोन लिटर उतरेपर्यंत तीन-चार बादल्या ऊन पाणी स्नानास मिळतें. त्या दिवशीं स्नानाच्या पाण्यासाठीं निराळें इंधन फारसें लागत नाहीं.

यंत्र मोडींत गेलें नाहीं. टोपीची शिवण सूनबाईंनींच पक्की केली, आणि आक्का ओंवा निवडावयास बसल्या. घरांतील जुनी वस्तु केवळ ममतेनें राखूं म्हटलें तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर भार होते. तिचा खर्च मोजून तो कमी करण्याचे कष्ट आपण घेतले, तरच ती राखण्याचा आग्रह धरण्यास तोंड राहतें. हा धडा या वयांत आम्हांस सूनबाईंनीं शिकविला, हें कबूल करण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं.