वाद, संवाद आणि 'आपण' : चालू प्रश्नांवरील वर्गचर्चेची भाषा

प्रास्ताविक

भाषेच्या अभ्यासक्रमात निबंध, सारांश, पत्र या लेखनप्रकारांना जेवढे स्थान मिळते, तेवढे चर्चेला मिळत नाही. चर्चा सर्वांनाच येते असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात पारावर, बसस्थानकावर किंवा घरात चालू प्रश्नांवर जे बोलणे होते, त्यात बहुधा प्रत्येकजण आपलेच मत पुन्हा सांगतो आणि दुसऱ्याचे बोलणे केव्हा संपते याची वाट पाहतो. शिक्षक वर्गात एखाद्या चालू प्रश्नावर बोलण्याचे आमंत्रण देतो तेव्हा त्याची अपेक्षा वेगळी असते. मतभेद मिटले नाहीत तरी चालतील, परंतु ज्याच्याशी मतभेद आहेत त्याचे म्हणणे नेमके काय आहे, हे कळले पाहिजे. त्यासाठी कोणती भाषिक शिस्त लागते, याचा विचार या विभागात करावयाचा आहे.

परंपरेतील भेद

मराठीत 'वाद' हा शब्द आज भांडणाच्या अर्थाने रूढ झाला आहे. न्यायदर्शनात मात्र तो आदराचा शब्द आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते ठरावे म्हणून प्रमाणांच्या आधारे दोन पक्ष बोलतात, तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करूनही बोलले जाते, तो जल्प. स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन केले जाते, ती वितंडा. आपला 'वितंडवाद' हा शब्द तेथूनच आला. शास्त्रग्रंथांच्या मांडणीत आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, सांगावयाचे आणि मगच उत्तरपक्षाकडे वळावयाचे, असा क्रम असतो.

आधुनिक महाराष्ट्रातही विचारांची घडण चर्चेतून झाली. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील अध्यापक व विद्यार्थी यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. सभासद निबंध वाचत आणि त्यांवर चर्चा होई. स्त्रीशिक्षण हा त्या काळचा अत्यंत वादग्रस्त प्रश्न होता. सभासद केवळ बोलून थांबले नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि प्रारंभी तेथे स्वतः शिकवले. पुढे आगरकर आणि टिळक यांच्यात सामाजिक सुधारणांवरून मतभेद झाले. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी'चे संपादकपद सोडले आणि १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केला. मराठी वैचारिक निबंधाला धार आली ती अशा वादांतूनच.

एक उदाहरण : बिरसीचा विमानतळ

आता जवळचे उदाहरण घेऊ. गोंदिया शहरापासून थोड्या अंतरावर बिरसी हे गाव आहे. तेथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, ब्रिटिशांनी बांधली. २००५ मध्ये हा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आला. त्यानंतर विस्तार झाला आणि वैमानिक प्रशिक्षणाची संस्थाही उभी राहिली. मार्च २०२२ मध्ये येथून प्रवासी विमानसेवेचा प्रारंभ झाला. दुसरीकडे, विस्तारासाठी शेतजमिनी घेतल्या गेल्या आणि पुनर्वसनाचा प्रश्न परिसरात दीर्घकाळ चर्चेत राहिला.

विमानसेवा सुरू झाल्यानंतरच्या एका संपर्कसत्रात मी या परिसरातील विद्यार्थ्यांपुढे विषय ठेवला : 'विमानतळामुळे परिसराचा विकास झाला.' वर्गात शेतकरी, दुकानदार, आशा कार्यकर्त्या, वाहनचालक असे प्रौढ विद्यार्थी होते. एक दुकानदार गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "आपला विमानतळ झाला, आपल्या जिल्ह्याचं नाव झालं." मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. "आपला कसा, सर? बांध्या तं आमच्या गेल्या."

त्या पुढे बोलणार तोच मी त्यांना थांबवले. "प्रमाण मराठीत सांगा," असे म्हणालो. त्या खाली बसल्या. त्यानंतर अर्धा तास चर्चा सुरळीत चालली, आणि ती पूर्णपणे निरर्थक होती. भाषेच्या शिक्षकाने भाषेच्याच नावाने वर्गातील सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार गप्प केला होता.

चहाच्या सुटीनंतर मी चूक कबूल केली आणि नियम बदलला. ज्याला जी बोली सहज येते, तिच्यात त्याने बोलावे. झाडीबोली, पोवारी, हिंदी, काहीही चालेल. मात्र स्वतःचे मत मांडण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे असे सांगावे की तो म्हणेल, "होय, मला हेच म्हणायचे आहे."

हे सोपे नव्हते. दुकानदारांना बाईंचे म्हणणे सांगताना तीनदा अडखळावे लागले. "तुम्हाला भरपाई कमी वाटते," असे ते म्हणाले. बाईंनी मान हलवली. भरपाई हा त्यांचा मुख्य मुद्दा नव्हताच. त्या बांध्यांत रोवणीला येणाऱ्या भूमिहीन बायांची मजुरीही गेली होती, आणि सातबारावर ज्यांचे नाव नाही त्यांचे नुकसान मोजणार कोण, असा त्यांचा प्रश्न होता. दुकानदारांनी हे वाक्य पूर्ण उच्चारले तेव्हा वर्ग शांत झाला. मग बाईंची पाळी आली. दुकानदारांना विमानात बसण्याची घाई नव्हती, ते कधी विमानात बसलेही नव्हते. नागपूरच्या पूर्वेलाही महाराष्ट्र आहे हे कोणीतरी मान्य करावे, एवढेच त्यांना हवे होते. बाईंनी हे पहिल्याच प्रयत्नात अचूक सांगितले. शेवटी दोघांचे एकमत झाले नाही. तथापि मतभेद कोठे आहे, हे दोघांनाही कळले.

भाषिक विश्लेषण

या प्रसंगातून तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

१. विधानांचे प्रकार : 'धावपट्टी १९४० मध्ये बांधली' हे वस्तुविधान आहे. ते पुराव्याने तपासता येते. 'विमानतळ हिताचा ठरला' हे मूल्यविधान आहे. तेथे हित कोणाचे, हे सांगावे लागते. 'भूमिहीनांनाही मोबदला मिळायला हवा' हे धोरणविधान आहे. तेथे कारणे द्यावी लागतात. ऐकीव माहितीसाठी मराठीत 'म्हणे' हा सोयीचा शब्द आहे. 'विमानसेवा बंद होणार म्हणे' असे म्हणणारा खात्रीची जबाबदारी घेत नाही. चर्चेत 'म्हणे' गाळला की अफवेची माहिती होते.

२. विषयाची शब्दरचना : मी दिलेल्या विषयात 'विकास झाला' हा निष्कर्ष आधीच होता. विरोधकाला प्रथम विषयाशीच झगडावे लागले. 'विमानतळामुळे परिसरात कोणाचे काय बदलले?' असा प्रश्न अधिक न्याय्य ठरला असता.

३. 'आम्ही' आणि 'आपण' : मराठीत ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण' अशी दोन सर्वनामे आहेत. हिंदीतील 'हम' दोन्ही अर्थांनी वापरले जाते. दुकानदारांच्या 'आपला'मध्ये बाईही गृहीत होत्या, त्यांना न विचारता. बाईंनी 'आमच्या' म्हणून त्या गृहीताला नकार दिला. सार्वजनिक प्रश्नांवरील भाषणे आणि अग्रलेख वाचताना हे सर्वनाम तपासावे : येथे 'आपण'मध्ये कोणाला घेतले आहे, आणि त्याची संमती कोणी विचारली आहे?

शिक्षकाची भूमिका

चालू प्रश्नावर चर्चा घडवताना शिक्षकाने निकाल देऊ नये. तसेच, ज्यांना त्या प्रश्नाची प्रत्यक्ष झळ बसली आहे त्यांच्यावर बोलण्याची सक्ती करू नये आणि त्यांच्या बोलण्याची वाटही अडवू नये. प्रमाणभाषा लेखनासाठी आवश्यक आहे, ती अवश्य शिकवावी. परंतु विचार प्रथम ज्या बोलीत उमटतो, त्या बोलीत तो पूर्ण ऐकावा आणि मग त्याला प्रमाण रूप देण्यास साहाय्य करावे.

सारांश

चर्चेचे उद्दिष्ट विजय नसून आकलन हे आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडणे, ही त्याची पहिली पायरी. वस्तुस्थिती, मूल्य आणि धोरण यांची विधाने वेगळी ओळखल्यास मतभेदाचे नेमके स्थान सापडते. चर्चेत 'आपण' हे सर्वनाम गृहीत धरता येत नाही, ते मिळवावे लागते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. वाद, जल्प आणि वितंडा यांतील फरक स्वतःच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील एक चालू प्रश्न निवडा. आपल्याला न पटणारी बाजू दहा वाक्यांत लिहा आणि ती बाजू मानणाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवा. तिने सुचवलेल्या दुरुस्त्या नोंदवा.
३. एका वृत्तपत्रातील अग्रलेखात 'आपण', 'आम्ही' आणि 'म्हणे' यांचा वापर कसा झाला आहे, ते तपासा.